ऑल्डरटनची चौथी पायरी

ह्यू पॅस्कोच्या हातून आजवर जी काही नासधूस झाली, ती सगळी चांगल्या हेतूनं झाली. चहाच्या खोलीतल्या फ्रिजमधला बर्फ त्यानं लोण्याच्या सुरीनं खरवडला तोही चांगल्याच हेतूनं. त्यावर फ्रिजनं जो शेवटचा फुत्कार सोडला, त्याची नक्कल गणित विभागातले लोक अजून करून दाखवतात. पण त्या जानेवारीत त्यानं जे केलं त्यापुढं फ्रिज म्हणजे काहीच नाही. उन्हाळी संशोधन कार्यक्रमाच्या समारोपाला पाहुणे म्हणून त्यानं मेलबर्नहून प्रोफेसर डेनिस ऑल्डरटन यांना बोलावलं. कोणाला न विचारता बोलावलं. आणि होकार आल्यावर सकाळच्या चहाला, सगळे जमलेले असताना, लॉटरी लागल्यासारखं जाहीर केलं.

खोलीत जी शांतता पसरली तिच्यात पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. ह्यूला वाटलं, आनंदानं लोकांची वाचा बसली.

खिडकीशी फ्लाविया झानोत्तो उभी होती. कार्यक्रमाची प्रमुख तीच. तिनंच तो सुरू केला आणि हा तिचा एकोणिसावा उन्हाळा. बुटकी, पिकल्या केसांची, नाकावर कायम खडूची भुकटी. ती चहात साखर घेत नाही. तिनं शांतपणे तीन चमचे घातले, ढवळले, आणि एका घोटात कप रिकामा केला.

"ऑल्डरटन," ती म्हणाली. "येतो म्हणाला?"

"लगेच. विमानाचं तिकीटसुद्धा स्वतःच काढतायत."

"बरं केलंस, ह्यू."

बारा वर्षांच्या सहवासात फ्लावियानं त्याला 'बरं केलंस' असं एकदाही म्हटलं नव्हतं. त्याला अंधूक आठवायला लागलं की या विभागात या माणसाचा विषय फ्लावियासमोर कोणी काढत नाही. नवीन होता तेव्हा कोणीतरी त्याला ते सांगितलंही होतं, आणि पार्किंगच्या जागेवरून काहीतरी झालं असेल असं धरून तो ते विसरला होता.

हा कार्यक्रम म्हणजे काय, तर डिसेंबर-जानेवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात, पोर्ट हॅलोरनमधली शहाणी माणसं एकतर दक्षिणेला पळालेली असतात किंवा पंख्याखाली आडवी असतात, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची आठ-दहा मुलं सुट्टीवर पाणी सोडून विद्यापीठात येतात आणि ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागं छापलेलं नाही असं गणित सहा आठवडे सोडवत बसतात. समुद्रात उतरायची सोय नसते, कारण त्या दिवसांत पाण्यात जेलीफिश असतात; त्यामुळं गणिताला फारशी स्पर्धा नाही. शेवटच्या शुक्रवारी प्रत्येकानं फळ्यापाशी पंधरा मिनिटं बोलायचं, मग बाहेर हिरवळीवर सॉसेज भाजून खायचे आणि घरी जायचं. संशोधन म्हणजे पाच दिवस चुकणं आणि सहाव्या दिवशी आपण का चुकलो ते कळणं, एवढं शहाणपण त्यातून येतं. काहींना येतच नाही. ते पुढं बँकेत लागतात.

फ्लावियाचा या कार्यक्रमात एकच कायदा. फळ्यापाशी जो कोणी 'हे उघड आहे' असं म्हणेल, त्यानं दुसऱ्या दिवशीच्या चहाला केक आणायचा. गणितवाल्यांची ही जातीची खोड आहे. जिथं सिद्ध करायचा कंटाळा येतो, किंवा जिथं आतून जरा भीती वाटते, तिथं ते 'उघड आहे' असं लिहून पुढं सटकतात. पाव्हण्यांच्या आधी पसारा पलंगाखाली ढकलावा तसं. पहिल्या आठवड्यात रोज दोन केक असत. चौथ्या आठवड्यात लोक खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक दुकानातून विकत आणत, कारण मुलं तोपर्यंत शहाणी झालेली असत.

पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम अर्थातच ह्यूकडं आलं. तो संख्याशास्त्राचा माणूस. ऑल्डरटनचं प्रमेय प्रसिद्ध आहे, त्याला पदक मिळालंय, हे त्याला ठाऊक होतं. प्रमेय त्यानं कधी वाचलं नव्हतं. आता त्यानं १९८६ सालचा तो मूळ निबंध काढला आणि शनिवारी सकाळी व्हरांड्यात वाचायला बसला.

प्रमेय ठिपक्यांचं होतं. ठिपके घ्या, त्यातले काही रेषांनी जोडा, दोन-तीन ठरावीक अटी पाळा. मग असलं कुठलंही जाळं तीन रंगांत असं रंगवता येतं की जोडलेले दोन ठिपके कधी एका रंगाचे येत नाहीत. सिद्धतेच्या सहा पायऱ्या. त्यातल्या पाच कुणीही चढेल अशा. चौथी मात्र ह्यूला दोनदा वाचावी लागली, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यानं मनातल्या मनात टोपी काढली. असल्या प्रत्येक जाळ्यात निदान एक ठिपका असा असतो की तो काढून टाकला तरी उरलेलं जाळं अटी मोडत नाही, असं ती पायरी सांगत होती. एकदा ते मानलं की एकेक ठिपका काढत जायचं आणि प्रमेय आपोआप हातात येतं. सगळा निबंध त्या पायरीवर उभा होता.

मग त्याची नजर पहिल्या पानाच्या तळाला गेली. तिथं बारीक अक्षरात छापलं होतं: उपयुक्त गप्पांबद्दल कुमारी एफ. झानोत्तो यांचे आभार.

ह्यू उठला, विद्यापीठात गेला आणि कपाटातून मागच्या अठरा उन्हाळ्यांचे अहवाल काढले. दर वर्षी फ्लावियाकडं दोन मुलं असत. पहिल्या अहवालाचं नाव होतं 'ऑल्डरटनची चौथी पायरी: नऊ ठिपके'. दुसऱ्याचं 'दहा ठिपके'. मग अकरा. मध्ये काही उन्हाळ्यांत ठिपका वाढलेला नव्हता, एकदा एकदम दोन वाढले होते. मागच्या वर्षीचं 'बावीस ठिपके'. आणि दर वर्षीच्या अर्जात, 'उद्देश' या रकान्यात, एकच वाक्य: विद्यार्थ्यांना गणिती संशोधनातला आनंद मिळवून देणे.

अठरा वर्षं विभाग समजत होता की बाईंचा एका जुन्या प्रमेयावर जीव आहे. जीव नव्हता. वेढा होता.

सोमवारी तो तिच्या खोलीत गेला. फ्लाविया खिडकीवरच्या पालीला बोटानं हुसकत होती.

"तळटीप वाचलीस," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "चेहऱ्यावर दिसतंय. बस."

तिनं खालच्या खणातून शाळकरी पोरांची असते तशी निळी वही काढून पुढं टाकली. १९८५ सालची, जानेवारीतली. वीस वर्षांच्या मुलीचं ठसठशीत अक्षर. चौथी पायरी तिथं जशीच्या तशी होती. ठिपक्यांना दिलेली अक्षरंसुद्धा तीच.

"तेव्हा तो इथंच शिकवायचा. मी उन्हाळ्यात त्याच्याकडं होते. कार्यक्रम-बिर्यक्रम काही नव्हता, तो प्रश्न देई आणि मी सोडवी. सहा आठवडे अडलेली पायरी मी सोडवून दिली. तो म्हणाला, फार छान, टंकलेखनाला देतो. मार्चमध्ये मेलबर्नला गेला. पुढच्या वर्षी निबंध आला."

"आणि गप्पांबद्दल आभार."

"मी त्याच्याशी गप्पा कधी मारल्याच नाहीत. तो बोलायचा, मी गणित करायची." तिनं वही मिटली. "आपल्याकडं निबंधावर नावं आडनावाच्या अक्षरानं लागतात. तो ए, मी झेड. मला काय पहिलं यायचं होतं, ह्यू? मला दोघांत दुसरं यायचं होतं. तेवढीही जागा नव्हती त्याच्याकडं."

निबंध नाही म्हणून परदेशातली शिष्यवृत्ती नाही. शिष्यवृत्ती नाही म्हणून तिनं आठ वर्षं उसाच्या गावातल्या शाळेत नववीच्या पोरांना अपूर्णांक शिकवले, रात्रशाळा करावी तशी डॉक्टरेट केली आणि चौतिसाव्या वर्षी याच विभागात नोकरीला लागली. त्याच वर्षी तिनं हा कार्यक्रम काढला. उशीर झाला असं तिला कोणी म्हटलं तर ती वडिलांची गोष्ट सांगे. झानोत्तोंच्या दक्षिणेच्या बांधावरची दोन हात जमीन शेजारच्या पेरुक्कीनं नांगरून घेतली, तर म्हातारा ना भांडला ना कोर्टात गेला. त्यानं त्या बांधावर ओळीनं आंब्याची अकरा रोपं लावली. बारा वर्षांनी त्यांची सावली पेरुक्कीच्या उसावर पडायला लागली. चार सऱ्या कायमच्या खुरटल्या. आंबे झानोत्तो खात. त्या झाडांबरोबर फ्लाविया वाढली होती.

"मग आता तो आल्यावर काय करणार?" ह्यूनं भीतभीत विचारलं.

"काय करणार? चहा देणार. मुलं बोलतील, तो ऐकेल."

"आणि पायरी? बावीस ठिपक्यांपर्यंत तर ती बरोबरच आहे की."

"बावीसपर्यंत आहे," फ्लाविया म्हणाली.

त्या वर्षी तिच्या दोन मुलांपैकी एक तापानं पहिल्याच आठवड्यात घरी गेला आणि उरली केझिया नोना. टॉरेस सामुद्रधुनीतल्या बाडू बेटावरची, इथं मावशीकडं राहून शिकणारी, शनिवार-रविवार बेकरीत काम करणारी. तिच्या बेटावर वडीलधाऱ्या बाईला आंटी म्हणतात, म्हणून ती पहिल्या दिवसापासून फ्लावियाला आंटी म्हणे.

"आंटी-बिंटी घरी. इथं डॉक्टर झानोत्तो," फ्लावियानं बजावलं होतं.

"बरं, आंटी," केझिया म्हणाली होती. विषय तिथं संपला.

केझियाला संगणकाचा राग होता. बावीसच्या वर जाळी इतकी होतात की संगणकही उसासे टाकतो. मागच्या तीन उन्हाळ्यांत मुलांनी त्याच्यापुढं बसून नखं खाल्ली होती. ही पोरगी बेकरीच्या कागदी पिशव्यांवर ठिपके काढी. सगळी जाळी कशाला तपासायची, ती म्हणे, ज्यात कुठलाच ठिपका निघणार नाही असं एकच बांधायला घेऊ. नाही बांधता आलं तर का नाही ते कळेल. समारोपाला नऊ दिवस उरले असताना ती एक पिशवी घेऊन चहाच्या खोलीत आली आणि बशा बाजूला सारून ती टेबलावर पसरली.

"आंटी, यातला एक ठिपका काढून दाखवा."

फ्लावियानं चष्मा लावला. पिशवीवर लोण्याचा डाग होता आणि तेवीस ठिपके होते. ती बराच वेळ बघत राहिली. हातातल्या स्कोनवरचा जॅम गळून बाहीवर आला तरी तिला पत्ता नव्हता.

"हा?" तिनं बोट ठेवलं.

"हा काढला तर इकडची अट मोडते."

"हा?"

"तो याचाच भाऊ. तेवीस दिसतायत, पण चारच जातीचे आहेत. चार तपासले की झालं. बाकीचं उघ—" केझिया थांबली. "बाकीचं मी लिहून आणते."

"वाचलीस," ह्यू म्हणाला.

ती पिशवी फ्लावियानं घडी न घालता, गरम भाकरी धरावी तशी दोन्ही तळव्यांवर धरून खोलीत नेली आणि तीन दिवस दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी बाहेर आली ती केस कापून. ह्यूनं तिचे केस कापलेले प्रथमच पाहिले. "बरोबर आहे," एवढंच ती म्हणाली, आणि केझियाच्या भाषणाचं नाव छापायला दिलं: 'तेवीस ठिपक्यांचं एक जाळं'. त्यात ऑल्डरटन नाही, पायरी नाही, काही नाही. लहान मुलांच्या चित्रकलेचं वाटावं असं.

आता ह्यूच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पायरी खोटी ठरली म्हणजे तिच्या सिद्धतेत कुठंतरी भोक असलं पाहिजे. त्यानं निबंध पुन्हा काढला आणि केझियाचं जाळं शेजारी ठेवून ओळीमागून ओळ उतरत गेला. अकराव्या ओळीवर थांबला. तिथं लिहिलं होतं: उघड आहे की वर निवडलेला ठिपका दोन रेषांहून अधिक रेषांवर नसतो. उघड काही नव्हतं. केझियाच्या जाळ्यात तो तीन रेषांवर होता.

तो उठला आणि धापा टाकत फ्लावियाच्या खोलीत गेला. निळी वही मागितली. अकरावी ओळ काढली. त्याच ठसठशीत अक्षरात तेच वाक्य. खाली रेघसुद्धा मारलेली.

"फ्लाविया, ही चूक त्याची नाहीये."

"नाही."

"ही तुझी आहे."

"वाचता येतं मला. माझंच अक्षर आहे."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"तिसऱ्या उन्हाळ्यापासून. एक पोरगा होता, त्यानं विचारलं, हे उघड का आहे? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. दुसऱ्या दिवशी केक मी आणला."

ह्यू खुर्चीत बसला. मग आठवून उठला आणि दार लावून पुन्हा बसला. "तेव्हाच सांगायचं होतंस. सिद्धतेत भोक आहे म्हणून."

"कुणाला सांगायचं? भोक म्हणजे चूक नव्हे. मी सांगितलं असतं, त्यानं एखादा हुशार पोरगा बसवून बुजवून घेतलं असतं, आणि पुन्हा तळटीप. उपयुक्त सूचनेबद्दल आभार." 'उपयुक्त' हा शब्द तिनं दाताखाली खडा आल्यासारखा उच्चारला. "मला न बुजणारं हवं होतं."

"पण हे त्याच्यावर उलटत नाही, तुझ्यावर उलटतं. तो उभा राहून म्हणेल, ही पायरी या बाईंची. तुझ्या सगळ्या विद्यार्थ्यांसमोर. 'उघड आहे' म्हटलं की केक आणायला लावणारी बाई, आणि तिचीच ओळ. आणि समजा तो म्हणाला, चूक माझी, तर तो मोठ्या मनाचा ठरेल. दोन्हीकडून मरतेस तू."

"त्या माणसाचा एवढा अंदाज मला आहे," फ्लाविया म्हणाली. "शाबासकी असली की ती त्याची आणि दोष असला की दुसऱ्याचा. तेहेतीस वर्षांत बदलला असेल तर मी दोन सॉसेज खाऊन घरी जाईन. आणि ह्यू, त्याला विमानतळावर आणायला तू जाणार आहेस. गाडीत तोंड उघडलंस तर या विभागात तुझं तोंड मी परत उघडू देणार नाही."

गाडीत ह्यूनं मगरींविषयी बोलून वेळ काढला. दुर्दैवानं ऑल्डरटन फार चांगला माणूस निघाला. एकाहत्तर वर्षांचा, सडपातळ, सुती हॅट हातात धरलेला. ह्यूच्या बायकोची चौकशी केली, मुलांची केली, उसाची हिरवी शेतं बघून 'इथंच माझं खरं काम झालं' असं म्हणाला. ह्यूला वाटलं, गाडी बाजूला घ्यावी आणि सांगावं, साहेब, परतीचं विमान साडेतीनला आहे. पण त्यानं दुसऱ्यांदा मगरी काढल्या.

विभागाच्या दाराशी फ्लाविया उभी होती. इस्त्रीचा झगा, नाकावर खडू नाही. ऑल्डरटननं हात पुढं केला आणि डोकं किंचित कललं. "आपण कुठंतरी भेटलोय?"

"भेटलोय," फ्लाविया म्हणाली. "एक उन्हाळा."

"हो का? अरे वा," म्हणत तो आत गेला. मागं राहिलेल्या ह्यूला तिच्या चेहऱ्याकडं बघवेना, म्हणून त्यानं बघितलं नाही.

दुपारच्या जेवणात तिनं त्याला बारामुंडी मासा वाढला, स्वतःच्या झाडाचे आंबे कापून दिले, पाठीला उशी दिली आणि पहिल्या रांगेत, फळ्यापासून दोन हातांवर, पंख्याखालची खुर्ची दिली. बकऱ्याला इतक्या मानानं कोणी न्हाऊ घालत नाही.

सहा मुलं बोलून गेली. ऑल्डरटननं प्रत्येकाला गोड प्रश्न विचारले. मग केझिया उठली. पायात रबरी चपला, हातात खडू. तिनं तेवीस ठिपके काढले, रेषा जोडल्या, आणि म्हणाली, "१९८६ च्या प्रमेयाची चौथी पायरी म्हणते की यातला एक ठिपका काढता येतो. कुठला ते आपण बघू." मग तिनं अंगठ्यानं एक ठिपका पुसला, कुठली अट मोडली ते दाखवलं, ठिपका परत काढला. दुसऱ्या जातीचा पुसला. परत काढला. तिसऱ्या जातीचा पुसताना मागच्या रांगेतली माणसं उभी राहिली. चौथ्या वेळी ऑल्डरटनच्या मांडीवरची हॅट खाली पडली आणि ती कोणी उचलली नाही.

"म्हणजे पायरी चूक आहे," केझिया म्हणाली. "अकराव्या ओळीपासून. आभारी आहे."

टाळ्या वाजायच्या राहिल्या. चाळीस माणसांची नजर पहिल्या रांगेत. ऑल्डरटन उठला, फळ्याजवळ गेला, बोटानं हवेत रेषा मोजल्या. त्याला पटलं होतं, ते पाठीवरूनही दिसत होतं. गणितात चूक झाली म्हणून कोणी कोणाला मारत नाही. 'शाबास मुली, मी चुकलो' इतकं म्हटलं असतं तर सभेनं त्याला खांद्यावर घेतलं असतं. ह्यू मनातल्या मनात देवाचा धावा करत होता, पण कोणत्या बाजूनं ते त्यालाच कळत नव्हतं.

ऑल्डरटन वळला. चेहऱ्यावर ते गोड हसू परत आलं होतं.

"फार सुंदर काम," तो म्हणाला. "एक गोष्ट मात्र न्यायाला धरून सांगायला हवी. ही विशिष्ट पायरी माझी नव्हती. त्या वेळी माझ्याकडं एक विद्यार्थिनी होती, तिनं ती करून दिली. मी तरुण होतो, मी तिच्यावर विश्वास ठेवला. पुन्हा तपासायला हवी होती, तो माझा दोष."

"कोण विद्यार्थिनी?" केझियानं विचारलं. तिला खरोखरच माहीत नव्हतं. फ्लावियानं तिला वही कधी दाखवली नव्हती.

ऑल्डरटननं आठवायचा प्रयत्न केला. "इथलीच होती. इटालियन आडनाव. झा... झानोत्तो."

म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची नजर दुपारी ज्या बाईनं आंबे कापून दिले तिच्या गळ्यातल्या नावाच्या पट्टीवर गेली. हसू तिथंच वाळलं.

फ्लाविया हलली नाही. केझियानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं.

"सर, एक विचारू? पायरी त्यांची होती तर निबंधावर नाव का नाही त्यांचं?"

"तेव्हा... तेव्हाची पद्धत जरा वेगळी..."

"म्हणजे पायरी बरोबर होती तोवर ती तुमची," केझिया म्हणाली, अगदी शंका विचारावी तशी, "आणि आता आंटीची?"

मागं कोणीतरी खोकलं. ऑल्डरटननं हॅट शोधली, ती त्याला पायाखाली सापडली. सॉसेजना तो थांबला नाही. त्याला विमानतळावर ह्यूनंच सोडलं, आणि वाटेत मगरींविषयी कोणी बोललं नाही.

बाहेर हिरवळीवर मुलांनी फ्लावियाभोवती गर्दी केली. तेवढ्यात तिसऱ्या वर्षाचा एक लांबुडका मुलगा म्हणाला, "डॉक्टर झानोत्तो, म्हणजे ते 'उघड आहे' तुमचं होतं?" "माझं होतं," ती म्हणाली, "सोमवारी चॉकलेटचा आणते," आणि कांदा घालून सॉसेज खाल्लं. एक नाही, तीन.

चाळीस लोकांनी ऐकलेलं मागं घेता येत नाही, त्यातून मुलांची भाषणं कॅमेऱ्यावर उतरवलेली असतात. ऑल्डरटनला दुरुस्ती पाठवावीच लागली. ती मे महिन्यात त्याच नियतकालिकात आली, सहा ओळींची. तेवीस ठिपक्यांचं जाळं के. नोना यांचं. आणि त्याच्या वरच्या ओळीत: चौथी पायरी, जी मूळ निबंधात नामोल्लेखाविना छापली गेली, ती एफ. झानोत्तो यांची असून ती चुकीची आहे.

ह्यूनं ते पान छापून घेतलं आणि तिच्या खोलीत नेलं. ती पुढच्या उन्हाळ्याचे अर्ज वाचत होती. तिनं पान घेतलं, सहा ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, तिसऱ्यांदा नुसती आडनावावर थांबली. मग पान निळ्या वहीत ठेवलं आणि खण बंद केला. चेहऱ्यावर, पोटभर जेवून उठलेल्या माणसाच्या असतं तेवढंच समाधान होतं.

ह्यूला राहवलं नाही. इतके दिवस गिळून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. "तेहेतीस वर्षं थांबलीस, फ्लाविया. एकोणीस उन्हाळे घातलेस. आणि शेवटी तुझं नाव छापून आलं ते 'चुकीची' या शब्दाला चिकटून. जगभर लोक वाचणार. ते त्याच्याच नावावर राहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

फ्लावियानं पुढचा अर्ज उचलला.

"माझी चूक होती, त्याच्या नावावर कशाला राहू देऊ?"